सेट-टॉप बॉक्सवर स्वच्छ, पीसीवर गढूळ: टीव्हीचं चित्र नेमकं कुठे बिघडतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरी ४३ इंची फोर-के टीव्ही आहे. त्याला एक जुना डेस्कटॉप जोडलाय: इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय-थ्री, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. त्यात ट्यूनर कार्ड बसवून छतावरच्या छत्रीतून डीडी फ्री डिश घेता आणि कोडी या प्लेअर सॉफ्टवेअरवर पाहता. शिवाय हार्ड डिस्कवर जुने मराठी चित्रपट, नाटकांची रेकॉर्डिंग आणि व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेलं घरच्या लग्नाचं चित्रण आहे. तीच छत्री, तीच वाहिनी साध्या सेट-टॉप बॉक्समधून पाहिली तर चित्र ठीक. पीसीमधून पाहिली की गढूळ. क्रिकेटमध्ये झटके बसतात, बातम्यांच्या खालच्या पट्टीतली अक्षरं करवतीच्या दातांसारखी दिसतात. दुकानदाराने नवं ग्राफिक्स कार्ड सुचवलंय. घ्यावं का?

इतक्यात घेऊ नका. कार्ड कधी लागतं ते शेवटी सांगतो, पण तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारी माझ्या अंदाजाने एक रुपया खर्च न करता बऱ्याच अंशी जातील. मी आधी केबलच्या कंट्रोल रूममध्ये होतो, गेली पंधरा-सोळा वर्षं घरोघरी टीव्ही-थिएटर लावून देतो. "पीसीवर चित्र खराब" म्हणून बोलावणं आलं की दहातल्या आठ घरी यंत्र धडधाकट असतं, मांडणी चुकलेली असते.

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. बॉक्समधून चित्र ठीक दिसतं, म्हणजे छत्री, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा छोटा डबा), वायर आणि वाहिनी हे सगळे निर्दोष. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशा वेळी कोणीतरी छत्री हलवायला वर चढतोच. डिजिटल सिग्नल कमी पडला तर चित्र गढूळ होत नाही. ते चौकोन चौकोन होऊन फुटतं, अडकतं, नाहीतर जातंच. पावसात पाहिलं असेल. जुन्या अँटेनाच्या काळात सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, ती सवय डोक्यातून जात नाही. चित्र अडखळत नसेल तर छत्रीला हात लावू नका.

मग पीसीमध्ये वेगळं काय होतं? फ्री डिशवरची साधी वाहिनी ७२० बाय ५७६ ठिपक्यांची, म्हणजे एकूण ४,१४,७२० ठिपके. तुमच्या पडद्यावर आहेत ८२,९४,४००. बरोबर वीस पट. आलेल्या एका ठिपक्याचे वीस करायचेत, म्हणजे एकोणीस ठिपके कोणीतरी अंदाजाने भरायचे. त्याआधी आडव्या रेषांच्या दोन फळ्या (एक विषम रेषांची, एक सम रेषांची) जुळवायच्या, रंग बदलून घ्यायचे, आणि मग ठरलेल्या वेगाने पडद्यावर मांडायचं. सेट-टॉप बॉक्स यातलं फारसं काही डोक्यावर घेत नाही. तो पाकीट फोडतो आणि माल जवळजवळ तसाच टीव्हीकडे देतो. बाकीचं टीव्हीतली चिप करते, आणि तिला नेमकं याच कामासाठी बनवलेलं असतं. पीसीचं तसं नाही. तो सगळं स्वतः करतो, आणि तयार झालेलं चित्र टीव्हीला देतो. टीव्हीला हे माहीत नसतं, म्हणून तो पुन्हा तेच करायला बसतो. आमटीत दोघांनी मीठ घातल्यावर जे होतं, ते तुमच्या पडद्यावर चाललंय. त्यामुळे प्रत्येक काम कोण करणार हे ठरवायचं, आणि ते एकदाच होईल असं पाहायचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

काही गोष्टी तुमच्याकडे असेल त्याप्रमाणे बदलतील. विंडोज आहे की लिनक्स, हे तुम्ही लिहिलं नाहीत. टीव्ही कोणत्या कंपनीचा, तेही नाही, आणि एकाच गोष्टीला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते. म्हणून मी मेनूतलं नाव सांगण्यापेक्षा तुम्हाला काय दिसायला हवं ते सांगतो.

सुरुवात झटक्यांपासून करू. तुम्ही लिहिलंय की डेस्कटॉप फोर-केवर लावलाय, "कारण टीव्ही फोर-के आहे". इथेच गोम आहे. तुमच्या पिढीच्या मदरबोर्डवरचं एचडीएमआय १.४ आवृत्तीचं असतं, आणि त्यावरून फोर-के पूर्ण रंगात जास्तीत जास्त सेकंदाला ३० वेळा जातं. डिस्प्ले सेटिंगमध्ये पाहा, ३० हर्ट्झ लिहिलेलं असेल. माउसचा बाण पाण्यातून ओढल्यासारखा चालतो का? त्याचं कारण हेच.

आपलं प्रक्षेपण ५०च्या चालीवर चालतं. सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येकाच्या दोन फळ्या, म्हणजे हालचालीचे ५० क्षण. ते ३०च्या पडद्यावर मांडायचे म्हणजे निम्मे क्षण फेकायचे, आणि उरलेले २५ जेव्हा ३० जागांत बसवायचे तेव्हा दर पाचातलं एक चित्र दोनदा दाखवायचं. सेकंदाला पाच वेळा अडखळणं. संथ मालिकेत कळत नाही. सीमारेषेकडे जाणाऱ्या चेंडूमागे कॅमेरा फिरला की कळतं. कितीही महागडं सॉफ्टवेअर टाका, हे गणित बदलत नाही.

म्हणून डेस्कटॉप १९२० बाय १०८० वर आणा आणि हर्ट्झ ५० करा. ६० नाही, ५०. ६०वर ठेवलंत तर दर पाच क्षणांतला एक दोनदा दिसेल, सेकंदाला दहा वेळा; पट्टी थरथरत सरकल्यासारखी वाटते ती त्यामुळेच. भारतात विकला जाणारा टीव्ही ५० घेतोच.

फोर-के सोडायचं म्हणून जीव हळहळेल, तर हा हिशेब बघा. ४३ इंची पडद्याची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर. त्यात १९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. धडधाकट डोळ्याला एवढा ठिपका साधारण पावणेदोन मीटरपर्यंतच सुटा दिसतो, म्हणजे साडेपाच फूट. तुमचा सोफा बहुधा याहून लांब असेल. शिवाय १०८० चं २१६० करणं हे टीव्हीसाठी सर्वांत सोपं काम: प्रत्येक बाजूला बरोबर दुप्पट.

आता करवतीची अक्षरं. हा माझा आवडता विषय, जरा पाल्हाळ होईल.

दूरदर्शन १९५९ साली दिल्लीत सुरू झालं, मुंबईत १९७२ च्या २ ऑक्टोबरला आलं, रंग १९८२ मध्ये आले. पण ६२५ रेषांची मांडणी मात्र कायम राहिली, आणि त्यातल्या दिसणाऱ्या ५७६ रेषा आजच्या साध्या डिजिटल वाहिनीतही तशाच आहेत. पूर्ण चित्र एका दमात पाठवायला जागा पुरत नव्हती, म्हणून आधी १, ३, ५ अशा विषम रेषा आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर २, ४, ६ अशा सम रेषा पाठवायची युक्ती निघाली. जुन्या काचेच्या ट्यूबवर हे सुंदर दिसायचं, कारण ट्यूब स्वतःच तशी रंगवायची. आजचा सपाट पडदा सगळ्या रेषा एकदम दाखवतो. त्याला दोन्ही फळ्या जोडून दिल्या की जे स्थिर आहे ते छान जुळतं, पण जे सरकतंय ते एका फळीत इथे आणि दुसऱ्या फळीत थोडं पुढे. त्यांची कंगव्यासारखी गुंफण म्हणजे तुमच्या पट्टीवरचे दात.

हे दात घालवायला सॉफ्टवेअरकडे चार-पाच मार्ग असतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक फळी फेकून दिली की दात जातात, पण निम्मा तपशील आणि निम्मी हालचालही जाते. दोन्ही फळ्या एकमेकींत मिसळल्या की दात जातात आणि त्यांच्या जागी भुतासारखी दुसरी सावली येते. धावणाऱ्या फलंदाजाला चार पाय दिसतात. चांगला मार्ग तो की जिथे हालचाल नाही तिथे दोन्ही फळ्या जोडायच्या, जिथे आहे तिथे एकीवरून मधल्या रेषा काढायच्या, आणि हे प्रत्येक फळीसाठी वेगळं करून सेकंदाला पूर्ण ५० चित्रं द्यायची. व्हीएलसी प्लेअरमध्ये याला याडिफ टू-एक्स म्हणतात. नुसतं याडिफ निवडलंत तर २५च मिळतील, ही चूक फार जण करतात. कोडीत वाहिनी चालू असताना व्हिडिओ सेटिंगमध्ये डीइंटरलेस, म्हणजे फळ्या जुळवून दात घालवण्याची, पद्धत निवडता येते. लिनक्सवर तिथे हार्डवेअरच्या यादीत 'मोशन अडॅप्टिव्ह' किंवा 'मोशन कॉम्पेन्सेटेड' दिसलं तर ते घ्या. तुमचा आय-थ्री ५७६ रेषांचं हे काम हसत करतो. इथेही कार्ड लागत नाही.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? बातम्यांची वाहिनी लावा आणि फक्त पट्टीकडे बघा. अक्षरांच्या उभ्या दांड्या, 'ा'चा काना किंवा 'ग'चा दंड, सरकतानाही सरळ आणि एकसंध दिसल्या पाहिजेत. दात दिसले तर डीइंटरलेस बंद आहे. दांडी दोन दिसली तर मिसळणारी पद्धत लागलीय. दांडी स्वच्छ पण सरकणं अडखळत असेल तर २५च मिळतायत किंवा पडदा ५०वर नाही. हजारो रुपयांच्या टेस्ट डिस्कपेक्षा ही फुकटची पट्टी मला अनेकदा जास्त कामी आलीय.

एक अपवाद. चित्रपट मुळात सेकंदाला २४ चित्रांचे. टीव्हीवर ते थोडे पळवून २५ करतात आणि प्रत्येक चित्राच्या दोन फळ्या करतात. तिथे दोन्ही फळ्या एकाच क्षणाच्या असतात, म्हणून नुसत्या जोडल्या की मूळ चित्र जसंच्या तसं परत मिळतं; हालचाल शोधत बसलं तर उगाच थोडं मऊ होतं. चांगली चिप हे आपोआप ओळखते, सॉफ्टवेअर दर वेळी ओळखतंच असं नाही. चित्रपट मऊ वाटला तर त्यापुरतं डीइंटरलेस बंद करून पाहा. जाता जाता, या पळवण्यामुळे अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो, आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ जाऊन बसतं. पेटीवाल्यांनी करून पाहावं.

लग्नाच्या कॅसेटबद्दल थोडं कटू सांगावं लागेल. अशी बरीच चित्रणं माझ्याकडे येतात. दुकानात कॅसेट उतरवताना "स्वच्छ करून देतो" म्हणून दोन फळ्या मिसळून टाकतात, वर फाइल लहान करतात. तसं झालं असेल तर त्या सावल्या आता चित्राचाच भाग झाल्या. कोणतंही सॉफ्टवेअर त्या खरवडून काढू शकत नाही. माझ्या आत्याच्या मंगळागौरीच्या चित्रणाचं असंच झालं. फुगडीत सहा बायका होत्या, फाइलमध्ये बारा दिसतात. आम्ही कॅसेट शोधली, टाइम बेस करेक्टर (कॅसेटवरच्या रेषांची डगमग सावरणारी सोय) असलेला एक जुना व्हीसीआर मिळवला आणि पुन्हा उतरवली, या वेळी फळ्या तशाच ठेवून. तुमची मूळ कॅसेट असेल तर फेकू नका, तेच करा. आणि उतरवलेल्या फाइलमध्ये हालचाल दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे अशी उचकी देत असेल, तर फळ्यांचा क्रम उलटा वाचला जातोय. डीव्ही कॅमेऱ्यातून उतरवलेल्या चित्रणात खालची फळी आधी येते, प्रक्षेपणात बहुधा वरची. प्लेअरमध्ये तो क्रम बदलता येतो. फाइल पुन्हा करायची गरज नाही.

आता 'गढूळ'. हा शब्द तुम्ही तीनदा वापरलाय, आणि मला वाटतं त्याचा अर्थ धूसर नाही, तर काळ्यावर राख फासल्यासारखं. तसं असेल तर हा उजेडाच्या मर्यादांचा घोळ आहे.

टीव्हीच्या जगात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. संगणकाच्या जगात काळा ० आणि पांढरा २५५. दोन्ही बरोबर, फक्त देणारा आणि घेणारा एकाच भाषेत बोलले पाहिजेत. पीसी १६ ला काळा म्हणून पाठवतोय आणि टीव्ही ० ला काळा समजतोय, तर टीव्हीच्या दृष्टीने १६ म्हणजे करडा. सगळ्या चित्रावर धुरकट पडदा पडतो. उलट झालं, पीसी ० ते २५५ पाठवतोय आणि टीव्हीला १६ ते २३५ अपेक्षित आहे, तर चित्र एकदम 'उठावदार' वाटतं, लोकांना आवडतंही, पण १६ च्या खालचं सगळं काळं डबकं होतं आणि २३५ च्या वरचं सगळं चुन्याची भिंत.

यात मी स्वतः तोंडावर पडलोय. सुरुवातीच्या काळात साताऱ्याच्या एका गृहस्थांकडे असंच राखेसारखं चित्र होतं. मी एचडीएमआय वायरला दोष दिला आणि त्यांना दहा मीटरची जाड, महागडी वायर घ्यायला लावली. चित्र जसं होतं तसंच. दुसऱ्या खेपेला ड्रायव्हरमधली (पीसीचं चित्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) एक ओळ बदलली आणि अर्ध्या मिनिटात झालं. वायरचे पैसे मी परत दिले. एचडीएमआयची वायर चालते किंवा चालत नाही. बिघडली तर ठिपके चमकतात, पडदा क्षणभर काळा होतो. रंग फिके करणं तिला जमतच नाही.

शोधायचं कुठे? इंटेलच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये क्वांटायझेशन रेंज नावाची जागा आहे, लिनक्सवर ब्रॉडकास्ट आरजीबी नावाचा गुणधर्म. टीव्हीच्या बाजूला एचडीएमआय ब्लॅक लेव्हल, व्हिडिओ रेंज किंवा तत्सम काहीतरी. आणि कोडीच्या स्वतःच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १६-२३५ वापरण्याची वेगळी कळ आहे. म्हणजे तीन ठिकाणी तीन जण ठरवतायत. माझी पद्धत अशी: पीसी फक्त टीव्हीसाठीच असेल तरी ड्रायव्हर फुल (म्हणजे ० ते २५५), टीव्ही फुल, कोडीतली कळ बंद. असं केलं की डेस्कटॉप, ब्राउझर आणि कोडी तिन्ही एकाच मापात येतात. काही जाणकार उलटं करतात, सगळं १६-२३५ ठेवतात, कारण त्यात एक रूपांतर वाचतं. त्यांचं चुकीचं नाही. पण घरात मुलं त्याच पीसीवर यूट्यूबही लावणार असतील तर माझं सोपं पडतं. तुमच्या टीव्हीत ही कळच नसेल, स्वस्त टीव्हींत कधी कधी नसते, तर ड्रायव्हर लिमिटेडवर (म्हणजे १६ ते २३५) ठेवा आणि विषय संपवा.

तपासायला एव्हीएस एचडी ७०९ नावाचे फुकट नमुने मिळतात, त्यात १६ च्या खालच्या-वरच्या आकड्यांच्या उघडझाप करणाऱ्या पट्ट्या असतात. १६ ची पट्टी दिसू नये, १७-१८ जेमतेम दिसावी. ते डाउनलोड करायचा कंटाळा असेल तर आषाढीच्या सुमारास वारीचं कुठलंही रेकॉर्डिंग लावा. दुपारच्या उन्हात वारकऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांच्या घड्या दिसल्या पाहिजेत. सगळी दिंडी एक पांढरा पट्टा झाली तर वरचं टोक कापलं जातंय. आणि मृदंगाच्या पुडीवरची काळी शाई लाकडापासून वेगळी दिसत नसेल तर खालचं.

इथवर करायला साधारण अर्धा तास लागतो: पडदा १०८० आणि ५० वर, डीइंटरलेस पूर्ण ५० चित्रांचं, काळा-पांढरा एका मापात. बहुतेक फरक एवढ्यात दिसतो. पुढचं सगळं बारीकसारीक.

टीव्हीच्या आकाराच्या सेटिंगमध्ये चित्र कडेने कापलं जातंय का पाहा. डेस्कटॉपची खालची पट्टी अर्धवट दिसत असेल तर टीव्ही चित्र ओढून मोठं करतोय. त्यावर उपाय म्हणून ड्रायव्हरमध्ये चित्र लहान करू नका. मग एकदा लहान, एकदा मोठं, आणि अक्षरं पुसट. टीव्हीतच जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट, फुल पिक्सेल अशा नावाचा पर्याय शोधा. काही टीव्हींत त्या एचडीएमआय जोडणीला 'पीसी' असं नाव दिलं की लाल-निळ्या अक्षरांच्या कडाही स्वच्छ होतात, पण त्याच वेळी हालचालीच्या काही सोयी बंद पडतात. दोन्हीकडे पाहून ठरवा.

व्हिव्हिड किंवा डायनॅमिक मोड दुकानातल्या ट्यूबलाइटखाली टीव्ही विकला जावा म्हणून असतो. सिनेमा मोड, रंगाचं तापमान वॉर्म. पहिल्या दिवशी घरचे म्हणतील पिवळं झालं. चार दिवस थांबा, नंतर जुना मोड लावून दाखवा, सगळे म्हणतील निळं आहे. शार्पनेस खाली आणा. काही कंपन्यांत तटस्थ आकडा शून्य असतो, काहींत ५०, म्हणून आकड्यावर जाऊ नका. अक्षरांभोवती पांढरी कड दिसेनाशी होईल तिथे थांबा. चित्रातले कण कमी करणारी (नॉइज रिडक्शन), कडा उठवणारी, कॉन्ट्रास्ट हलता ठेवणारी जी जी म्हणून कळ असेल ती बंद. एकच ठेवायची मुभा: फ्री डिशच्या काही वाहिन्या इतक्या दाबून पाठवलेल्या असतात की चौकोन उठतात, तिथे टीव्हीची एमपेग नॉइज रिडक्शन अगदी कमीवर ठेवली तर मी हरकत घेत नाही. पण दाबताना गेलेला तपशील परत येत नाही, हे मनाशी धरून.

हार्ड डिस्कवरच्या चित्रपटांसाठी कोडीत प्लेअरच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये पडद्याचा वेग चित्राप्रमाणे बदलण्याची सोय सुरू करा. २४ची फाइल २४वर, २५ची ५०वर. सुरुवातीला दोन सेकंद पडदा काळा होईल, तो दोष नाही. शिवाय कोडीच्या सिस्टिममधल्या डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये परवानगी असलेल्या मापांची यादी असते. त्यात ५७६ घातलंत तर कोडी साधी वाहिनी न वाढवता टीव्हीला देईल, आणि वीस पट करण्याचं सगळं काम टीव्हीच्या चिपकडे जाईल, जवळजवळ सेट-टॉप बॉक्ससारखं. पीसीने वाढवलेलं चांगलं की टीव्हीने, यावर मी पैज लावणार नाही. चांगल्या कंपनीच्या टीव्हीत बहुधा टीव्ही जिंकतो, स्वस्तात पीसी. दोन्ही करून एकाच चेहऱ्याकडे बघा, डोळ्यांच्या कडांकडे.

जुन्या चित्रणात कुंकू शेंदराकडे झुकलेलं दिसलं तर कॅसेट उडाली असं लगेच समजू नका. साध्या आणि एचडी चित्राचं रंगांचं गणित वेगळं असतं, ६०१ आणि ७०९ या क्रमांकांनी ओळखतात. प्लेअर सहसा चित्राच्या मापावरून अंदाज करतो. दुकानदाराने जुनी फाइल ओढून १०८० केली असेल पण रंग तसेच ठेवले असतील, तर प्लेअर फसतो आणि लाल नारिंगी होतो. एमपीव्हीसारख्या प्लेअरमध्ये गणित हाताने बदलता येतं. आणि चेहरे आडवे फुगलेले दिसत असतील तर ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलंय. दोन्ही बाजूंचे काळे पट्टे सोसा, तेच मूळ चित्र आहे.

आता कार्डाचं. जुने चित्रपट, फ्री डिश, कॅसेट यांसाठी तुमचा पीसी पुरेसा आहे. अडचण येईल ती नव्या फोर-के फाइलींना. त्या बहुधा एचईव्हीसी या चित्र दाबण्याच्या नव्या पद्धतीच्या, दहा बिटांच्या असतात, आणि इंटेलमध्ये ते हार्डवेअरमधून उलगडण्याची सोय २०१७ च्या सुमाराच्या सातव्या पिढीपासून नीट मिळते. तुमचा आय-थ्री तिथे धापा टाकेल. वर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला) असेल तर तुमच्या एचडीएमआयवरून ते जाणारच नाही. प्लेअरने नीट रूपांतर केलं नाही तर चित्र पुन्हा फिकं, राखेसारखं दिसेल, आणि तुम्ही पुन्हा मर्यादांची कळ शोधत बसाल. अशा फाइली महिन्यातून दोनदा पाहणार असाल तर टीव्हीच्याच यूएसबीला पेनड्राइव्ह लावा. रोज पाहणार असाल तरी जुन्या डेस्कटॉपमध्ये कार्ड घालण्यापेक्षा मी छोटा, कमी वीज खाणारा मिनी पीसी घेईन, ज्यात एचडीएमआय २.० आणि दहा बिटांचं एचईव्हीसी दोन्ही असेल. वेगळं कार्ड म्हणजे एक पंखा वाढला, आणि रात्री नाटकातल्या शांत प्रसंगात तो पंखाच ऐकू येतो.

आज रात्री ५० हर्ट्झ आणि डीइंटरलेस एवढं करून बातम्यांची पट्टी बघा. अक्षराची दांडी एक दिसते की दोन, आणि सरकणं सलग आहे की अडखळत, एवढं कळवा. सोबत विंडोज की लिनक्स आणि टीव्हीचं मॉडेल लिहिलंत तर नेमक्या मेनूचं नाव सांगता येईल.